निम्म्यावर थांबणारा मार्कर: सेंट लुईसमधल्या सोळा माकडांचं प्रकरण

2004 साली अमेरिका आणि कॅनडात झालेल्या एका मोठ्या औषधचाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पार्किन्सन्सवर (कंपवातावर) काम करणारे भलेभले बुचकळ्यात पडले. नुकतंच निदान झालेले 361 रुग्ण, 40 आठवडे लेव्होडोपाच्या (मेंदूत ज्याचं डोपामिन हे हालचालीला लागणारं रसायन बनतं, त्या औषधाच्या) गोळ्या किंवा नुसत्या खोट्या गोळ्या, आणि शेवटी दोन आठवडे सगळं औषध बंद ठेवून तपासणी, अशी ही चाचणी होती. लेव्होडोपाने रोगाचा वेग वाढतो की कमी होतो, हे एकदाचं कळावं म्हणून ती केली होती. औषध थांबवल्यानंतरही लेव्होडोपा घेतलेले रुग्ण चालण्या-वावरण्यात खोट्या गोळीवाल्यांपेक्षा बरे होते. पण 142 जणांच्या मेंदूचं जे स्कॅनिंग केलं होतं, ते नेमकं उलटं बोलत होतं. स्कॅनमध्ये दिसणारी डोपामिन-वाहकाची (सुटलेलं डोपामिन परत पेशीत ओढून घेणाऱ्या प्रथिनाची) खूण लेव्होडोपा गटांत 4 ते 6 टक्क्यांनी घसरली होती, खोट्या गोळीच्या गटात फक्त 1.4 टक्क्यांनी.

माणूस सांगतो बरं आहे, स्कॅन सांगतो बिघडलंय. खरं कोणाचं धरायचं?

असा विसंवाद काही पहिल्यांदाच दिसला नव्हता. प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल या औषधांच्या लेव्होडोपाशी तुलना करणाऱ्या चाचण्यांतही स्कॅन एका बाजूला आणि रुग्णाची हालचाल दुसऱ्या बाजूला, असंच झालं होतं. त्यावर खल पुष्कळ झाला. औषधामुळेच खूण तात्पुरती बदलत असेल, असं काहींचं म्हणणं होतं; लक्षणं मोजायची पद्धतच ढोबळ आहे, असं इतरांचं. या वादात एक साधा प्रश्न मात्र मागे पडला होता. स्कॅनवर दिसणारा आकडा आणि मेंदूत प्रत्यक्ष जिवंत असलेल्या पेशी यांचं नातं कुणी मोजून पाहिलंय का? जिवंत माणसाच्या बाबतीत ते शक्यच नाही. रुग्णाचं स्कॅन आज होतं आणि मेंदू तपासायला मिळालाच तर वीस वर्षांनी मिळतो. मधल्या काळात रोग कुठच्या कुठे गेलेला असतो.

सेंट लुईस शहरातल्या वॉशिंग्टन विद्यापीठात जोएल पर्लमटर यांच्या गटाने हा प्रश्न माकडांवर सोडवायचं ठरवलं. त्यातून 2012 आणि 2013 मध्ये जे शोधनिबंध आले, ते माझ्या मते प्राण्यांवरच्या पार्किन्सन्स-इमेजिंगमधलं सर्वांत उपयोगी प्रकरण आहे. उपयोगी अशासाठी, की यात मार्कर, म्हणजे स्कॅनवरची ही खूण, कुठपर्यंत खरा बोलतो आणि कुठून पुढे गप्प होतो, याची सीमारेषा पहिल्यांदा स्वच्छ आखली गेली.

विष आलं कुठून

माकडांना पार्किन्सन्स होत नाही, तो घडवावा लागतो. त्यासाठी वापरतात ते एमपीटीपी हे रसायन अपघाताने हाती लागलं. 1982 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे परिसरात काही तरुण व्यसनी अचानक दगडासारखे ताठ झालेले आढळले. बोलता येईना, हलता येईना. विल्यम लँगस्टन या न्यूरॉलॉजिस्टने शोध घेतला तेव्हा कळलं, की त्यांनी टोचून घेतलेल्या घरगुती बनावटीच्या कृत्रिम हेरॉइनमध्ये एमपीटीपीची भेसळ होती. रसायन तयार करताना कृती चुकली की हा पदार्थ आपोआप तयार होतो.

एमपीटीपी स्वतः फारसं विषारी नाही. ते रक्तातून मेंदूत सहज शिरतं, तिथल्या आधारपेशींमधलं एमएओ-बी हे विकर (एन्झाइम) त्याचं रूपांतर एमपीपी-प्लस या पदार्थात करतं, आणि मग डोपामिनच्या चेतापेशी हा पदार्थ डोपामिन समजून आपल्याच वाहकाने आत ओढून घेतात. आत गेल्यावर तो मायटोकॉन्ड्रियामधली ऊर्जेची साखळी पहिल्याच टप्प्यावर तोडतो. म्हणूनच मध्यमेंदूतल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या काळसर पट्ट्यातल्या डोपामिन पेशी तेवढ्या मरतात, बाकीचा मेंदू बऱ्याच अंशी सुखरूप राहतो. प्रयोगशाळेतले मोठे पांढरे उंदीर या विषाला फारशी दाद देत नाहीत, लहान उंदरांच्या काही जाती देतात. माकडांमध्ये मात्र माणसासारखाच आजार उभा राहतो: मंदावलेली हालचाल, ताठरपणा, वाकलेली पाठ.

इथे 1985 सालच्या एका शोधाचा उल्लेख करायला हवा. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये डोनाल्ड काल्न आणि सहकाऱ्यांनी लँगस्टन यांच्याबरोबर अशा चार जणांचं पेट स्कॅन (किरणोत्सारी पदार्थ टोचून तो मेंदूत कुठे किती जमतो ते दाखवणारं चित्र) केलं, ज्यांच्या शरीरात एमपीटीपी गेलं होतं पण ज्यांना एकही लक्षण नव्हतं. त्यांच्या मेंदूत फ्लोरोडोपा या टोचलेल्या पदार्थाची खूण निरोगी माणसांपेक्षा कमी दिसली. लक्षणं येण्याआधीच इजा दिसू शकते, याचा हा पहिला जिवंत पुरावा. लवकर निदानासाठी इमेजिंग, ही सगळी आशा मुख्यतः तिथून सुरू झाली. पण त्या चौघांच्या नायग्रात नेमक्या किती पेशी उरल्या होत्या, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं.

प्रयोगाची मांडणी

सोळा मकाक माकडं. आपल्या घाटांत गाड्यांभोवती जमणारी लाल तोंडाची माकडं याच मकाक गटातली. प्रत्येकाचा आधी एमआरआय आणि तीन वेगवेगळ्या ट्रेसरचे (टोचायच्या किरणोत्सारी पदार्थांचे) पेट स्कॅन. मग मेंदूच्या एकाच बाजूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीतून एमपीटीपी, तेही प्रत्येकाला वेगळ्या मात्रेत, शून्यापासून पुढे. एकाच बाजूला इजा झाली की प्राणी स्वतः खाऊ-पिऊ शकतो आणि मेंदूची दुसरी बाजू तुलनेला मिळते. मात्रा वेगवेगळी ठेवण्यामागे तर फारच विचार होता. सगळ्यांना सारखं विष दिलं असतं तर 'आजारी' आणि 'निरोगी' असे दोनच गठ्ठे मिळाले असते, आणि दोन गठ्ठ्यांमधून रेघ कशीही ओढता येते. इथे अगदी हलक्या इजेपासून भीषण इजेपर्यंत सगळ्या पायऱ्या होत्या.

तीन आठवड्यांत लक्षणं स्थिरावली. आठ आठवड्यांनी पुन्हा तेच तीन स्कॅन आणि त्यानंतर प्राण्यांना मारून मेंदूची तपासणी.

तीन ट्रेसर कशासाठी, हे कळलं तर पुढचं सगळं कळतं. नायग्रातल्या पेशींचे लांब तंतू वर स्ट्रायटम या भागात जातात आणि तिथे त्यांच्या हजारो टोकांमधून डोपामिन सुटतं. फ्लोरोडोपा हा ट्रेसर त्या टोकांमध्ये शिरतो आणि तिथलं डीकार्बोक्सिलेज विकर त्याचं डोपामिनच्या भावंडात रूपांतर करतं; म्हणजे तो कारखाना चालू आहे का, ते सांगतो. डीटीबीझेड हा डोपामिन साठवणाऱ्या पिशव्यांवरच्या व्हीमॅट-2 या वाहकाला चिकटतो, म्हणजे गोदाम मोजतो. सीएफटी हा पेशीच्या कडेवरच्या डोपामिन-वाहकाला चिकटतो, म्हणजे सांडलेलं डोपामिन परत आत घेणारं दार मोजतो. आपल्याकडे दवाखान्यांत होणारं ट्रोडॅट स्कॅन हेच दार पाहतं, फक्त वेगळ्या यंत्राने.

स्कॅनच्या दिवसाची धावपळ कागदावर दिसत नाही. डीटीबीझेड आणि सीएफटीमधल्या कार्बन-11 चं आयुर्मान असं, की दर वीस मिनिटांनी तो निम्मा होतो. सायक्लोट्रॉनमधून (तो बनवणाऱ्या यंत्रातून) बाहेर आला की रसायनशाळेत रेणूला जोडायचा, शुद्ध करायचा, तपासायचा आणि भूल दिलेल्या माकडाच्या शिरेत सोडायचा. तासभर उशीर झाला तर आठवा हिस्सा उरतो. फ्लोरोडोपातला फ्लोरिन-18 जरा दमदार, त्याला निम्मं व्हायला 110 मिनिटं लागतात. एकेका प्राण्याचे तीन-तीन स्कॅन, तेही इजेआधी आणि इजेनंतर.

आणि मग पेशींची मोजणी. नायग्राचे पातळ काप टायरोसिन हायड्रॉक्सिलेज या विकराच्या प्रतिपिंडाने रंगवले की डोपामिन पेशी उठून दिसतात. पण काचपट्टीवर दिसतील तेवढ्या मोजत सुटलं तर फसगत होते. मोठी पेशी दोन कापांत येते आणि दोनदा मोजली जाते. काप सुकताना आकसतो आणि पेशी दाटीवाटीने दिसतात. म्हणून स्टिरिऑलॉजी नावाची पद्धत वापरतात: ठरावीक अंतरावरचे काप घ्यायचे, त्यांवर ठरावीक अंतराने छोट्या चौकटी टाकायच्या, आणि चौकटीच्या ठरलेल्या कडांना शिवणारी पेशी मोजायची नाही. काम कंटाळवाणं, डोळे शिणवणारं. पण या सगळ्या प्रकरणाचा भरवसा त्या चौकटींवर उभा आहे, स्कॅनच्या रंगीत चित्रांवर नाही.

काय निघालं

स्ट्रायटममधली तिन्ही ट्रेसरची मापं स्ट्रायटममधल्या डोपामिनशी सुरेख जुळली. इजा हलकी असो वा भारी, सोळाच्या सोळा प्राण्यांत डोपामिनच्या फरकातला 94 ते 95 टक्के भाग स्कॅनवरून सांगता येत होता. इथपर्यंत सगळे खूश.

पण नायग्रातल्या पेशींशी ताळा घातला तेव्हा चित्र मधोमध तुटलं. पेशींचं नुकसान निम्म्यापेक्षा कमी होतं अशा दहा प्राण्यांत नातं घट्ट होतं. तिन्ही ट्रेसरचं आर-वर्ग मूल्य (1 म्हणजे पूर्ण जुळणी) 0.84 ते 0.87. नुकसान निम्म्यापलीकडे गेलं की नातंच संपलं. निम्म्याहून थोड्या जास्त पेशी मेलेलं माकड आणि जवळजवळ सगळ्या मेलेलं माकड, दोघांचं स्ट्रायटम स्कॅनवर सारखंच दिसायचं. डोपामिन तोवर तळाला गेलेलं होतं आणि तळाच्या खाली मोजायला काही नव्हतं. गच्चीवरच्या टाकीला बाहेरून काचेची नळी लावावी आणि ती टाकीच्या मध्यावरच संपावी, तसं हे झालं: वरचं निम्मं पाणी नळी बिनचूक दाखवते, खालच्या निम्म्याबद्दल ती काहीच बोलत नाही.

आता याला त्याच गटाचं 2012 मधलं काम जोडा. त्यात पंधरा माकडांच्या हालचालींचं गुणांकन, कोणाला किती विष दिलंय हे माहीत नसलेल्या निरीक्षकांनी केलं होतं. हालचालीतला बिघाड आणि नायग्रातल्या पेशींचं नुकसान यांचं नातं सरळ रेषेत होतं, निम्म्यावर न थांबता. म्हणजे डोपामिन तळाला गेल्यावरही पेशी मरत राहिल्या तसा आजार वाढत राहिला. तो कशाने वाढला, हा प्रश्न उरतोच. नायग्राचे काही तंतू स्ट्रायटम सोडून इतर भागांतही जातात, त्यांचा हात असावा असा एक अंदाज आहे.

2004 च्या गोंधळाकडे या उजेडात पाहिलं की बराचसा उलगडा होतो. लक्षणं घेऊन दवाखान्यात आलेल्या रुग्णाच्या बऱ्याचशा पेशी आधीच गेलेल्या असू शकतात. तसं असेल तर स्ट्रायटमच्या स्कॅनवर आपण त्याला नळीच्या तळाशी गाठलेलं असतं. तिथे मिळणारा चार-सहा टक्क्यांचा फरक रोगाच्या वेगाबद्दल काय सांगणार? औषधाने वाहकाची संख्या जरा हलली तरी तेवढा फरक पडू शकतो.

माणसांतही याला दुजोरा मिळाला. जेफ्री कॉर्डोवर आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये मृत रुग्णांचे मेंदू निदानानंतरच्या वर्षांनुसार लावून पाहिले. निदानाला चार वर्षं होईपर्यंत स्ट्रायटमच्या पुटामेन या भागाच्या वरच्या बाजूतले डोपामिनचे तंतू जवळजवळ नाहीसे झालेले होते. पेशींचं तसं नव्हतं. नायग्रात बऱ्याच पेशी तग धरून होत्या. आधी टोकं जातात, मुळं मागाहून.

मग लवकर निदानाचं काय?

अनेकांनी हा निबंध वाचून 'पेट स्कॅन निकामी ठरला' असा अर्थ काढला. मला तो अगदी उलटा वाटतो. निम्म्यापर्यंतचं नुकसान, हाच तर रोगाचा सुरुवातीचा टप्पा. तिथे मार्कर खरा बोलतो, तिन्ही ट्रेसर एकमुखाने बोलतात. ज्या कामासाठी लवकर निदानवाल्यांना तो हवा आहे, त्याच कामासाठी तो चोख आहे. चूक झाली ती त्याला रोगाची पुढची वाटचाल मोजायला लावली तेव्हा.

अर्थात या आशेलाही एक अडसर आहे आणि तोही याच माकडांनी दाखवला. डोपामिनचं किमान 70 टक्के नुकसान झाल्याशिवाय लक्षणं येत नाहीत, असा समज पूर्वीच्या अप्रत्यक्ष अंदाजांवर चालत आला होता. 2012 च्या कामात सौम्य लक्षणांना नायग्रातल्या 14 ते 23 टक्के पेशी किंवा स्ट्रायटममधलं 14 ते 37 टक्के डोपामिन जाणं पुरेसं ठरलं. हे खरं धरलं तर लक्षणांपूर्वीची जी लांबरुंद खिडकी आपण गृहीत धरून बसलो आहोत, ती निदान या प्रारूपात तरी फारच अरुंद आहे. निरोगी मेंदूचे दोन स्कॅन घेतले तरी आकड्यांत काही टक्के इकडेतिकडे होतातच. तेव्हा दहा-पंधरा टक्क्यांची घट एकट्या प्राण्यात, एकाच स्कॅनवरून, छातीठोकपणे सांगणं कठीण. इथे इजेआधीचा स्कॅन हाताशी होता म्हणून जमलं. कुणाही माणसाकडे आजाराआधीचा स्कॅन नसतो.

प्रारूपाची मर्यादाही नीट लक्षात ठेवायला हवी. एमपीटीपीचा घाव एका दमात बसतो, खरा पार्किन्सन्स वर्षानुवर्षं कुरतडतो. सावकाश होणाऱ्या नुकसानीत मेंदू सांभाळून घ्यायला शिकतो. उरलेल्या टोकांतलं विकर जास्त काम करतं, वाहक कमी होतात. व्हँकुव्हरच्याच गटाने 2000 साली रुग्णांमध्ये हे दाखवलं होतं: डीटीबीझेडच्या मानाने फ्लोरोडोपाची घट कमी आणि वाहकाची घट जास्त. सेंट लुईसच्या माकडांत तिन्ही ट्रेसर एकमेकांशी इतके तंतोतंत जुळले की असं सांभाळून घेणं तिथे दिसलंच नाही. पण ती होती इजेनंतरची दोन महिन्यांची गोष्ट, आणि निबंधातही तेवढाच दावा केला आहे. शिवाय या प्राण्यांत अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या त्या गाठी नाहीत, ज्या खऱ्या रोगाची ओळख मानल्या जातात. आणि निम्म्याखालच्या घट्ट नात्यामागे प्राणी फक्त दहा आहेत.

मला या प्रकरणाचा पुढचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. स्ट्रायटम निम्म्यावर थांबतं, तर सरळ नायग्रातच का मोजू नये? त्याच गटाने 2013 मध्येच मध्यमेंदूतली मापं तपासली. सीएफटी आणि डीटीबीझेड यांची मध्यमेंदूतली मापं पेशींच्या मोजणीशी जुळली. फ्लोरोडोपाची जुळली नाहीत. फ्लोरोडोपा तिथे डगमगावा यात नवल नाही, कारण ज्या डीकार्बोक्सिलेजवर तो विसंबून आहे ते सेरोटोनिनच्या पेशींतही असतं, आणि त्यांचा जथा तिथून जवळच आहे. म्हणजे स्ट्रायटममध्ये सारखेच वाटणारे तीन ट्रेसर खाली उतरलं की सारखे राहत नाहीत.

अडचण आकाराची आहे. माकडाची नायग्रा काही मिलिमीटरची पट्टी, आणि पेटची नजरही काही मिलिमीटरचीच. शेजारच्या भागाचा उजेड आत सांडतो, आतला बाहेर. एमआरआयवर नायग्राची सीमा आधी आखून घेतल्याशिवाय हे माप घेताच येत नाही, आणि डोकं जरासं हललं की सगळं वाया. लहान उंदरांत तर नायग्रा इतकी बारीक, की लहान प्राण्यांसाठी बनवलेला स्कॅनरही ती वेगळी काढू शकत नाही. तिथे स्ट्रायटमवरच भागवावं लागतं. उंदरांवरच्या अभ्यासात 'औषधाने पेशी वाचल्या' असा निष्कर्ष नुसत्या स्ट्रायटमच्या स्कॅनवरून काढलेला दिसला, तर मी आधी इजा किती खोल केली होती ते पाहते. घाव निम्म्याच्या आतला असेल तर पुढे वाचावं. निम्म्याच्या पलीकडचा असेल तर रंगवलेल्या कापांवरची मोजणी दाखवल्याशिवाय त्या दाव्याला आधार नाही.

आपल्याकडे ट्रोडॅटचा रिपोर्ट हातात आला की घरचे विचारतात, 'किती टक्के पेशी उरल्या?' त्या रिपोर्टमध्ये याचं उत्तर नसतं. तो सांगतो, की स्ट्रायटममधली दारं कमी झाली आहेत का आणि कोणत्या बाजूला जास्त. कंप पार्किन्सन्सचा आहे की साधा आनुवंशिक, हा घोळ सोडवायला तेवढं पुष्कळ होतं, आणि लक्षणं नवी असताना हा स्कॅन करून घेण्यात अर्थ आहे. दोन-तीन वर्षांनी तोच स्कॅन पुन्हा करून 'आजार किती वाढला' ते पाहू, असं कुणी सुचवलं, तर पैसे खर्च करण्याआधी डॉक्टरांना विचारावं की त्या आकड्याने उपचारात नेमका काय बदल होणार आहे. त्या टप्प्यावर चालणं, वळणं, बटणं लावणं आणि सहीचं अक्षर यांची नीट ठेवलेली नोंद स्ट्रायटमच्या चित्रापेक्षा जास्त सांगते.